शाळेचे पंचांग कोणी करावे?

पंचांग करणाऱ्या जोशीबुवांची आपण सुशिक्षित मंडळी पुष्कळ थट्टा करतो. परंतु त्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. तिथी ठरविण्यापूर्वी ते निदान आकाशाचा हिशोब करतात. सूर्य कोणत्या नक्षत्री आहे, चंद्राच्या कला किती झाल्या, हे पाहिल्यावाचून ते एकादशी अलीकडे वा पलीकडे सरकवीत नाहीत. आमच्या शाळा-कॉलेजांचे वार्षिक पंचांग जे करतात, त्यांच्यावर मात्र असा कोणताही निर्बंध नाही. वर्ष कोठे तोडावे, परीक्षा कोणत्या महिन्यात घ्याव्या, सुट्टी केव्हा द्यावी, हे ठरविताना आकाशाकडे, नदीकडे वा शेताकडे पाहण्याची चाल त्यांच्यात नाही. राजधानीतल्या एखाद्या दालनात कागदावर रेघ ओढली जाते, आणि ती चर्चगेटपासून सावंतवाडीपर्यंत सर्वांस सारखीच लागू होते. या रेघेने महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांतील मुलांचे जे नुकसान वर्षानुवर्षे चालविले आहे, ते वाचकांपुढे मांडावे व त्यावर उपाय सुचवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषय रूक्ष आहे हे आम्ही जाणतो. सत्रे, सुट्ट्या आणि कामाचे दिवस यांची चर्चा शिक्षकांच्या खोलीत शोभते, साहित्याच्या मासिकात नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्यांच्या घरी शिकणारे मूल आहे, त्या प्रत्येक घराचे वर्ष या रेघेने बांधलेले असते. लग्नाचा मुहूर्त, माहेरपण, गावचा गणपती, आजीची भेट, सारे काही शाळेच्या सुट्टीकडे पाहून ठरते. ज्या गोष्टीने घराचे सबंध वर्ष आखले जाते, ती गोष्ट कोणी व कशाच्या आधारे ठरविली, हे विचारण्याचा अधिकार घरास नसावा काय?

प्रथम ही सत्रांची पद्धत आली कोठून हे पाहू. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर झाली, आणि त्याबरोबर ‘टर्म’ हा शब्द आपल्याकडे रूढ झाला. ऑक्सफर्डच्या तीन टर्मांची नावे मायकेलमस, हिलरी व ट्रिनिटी अशी आहेत. ती त्यांच्या धर्मातील संतांवरून व सणांवरून पडली, आणि पाठांचा काळ प्रत्येकी आठ आठवड्यांचा. म्हणजे इंग्रजांनीसुद्धा आपल्या विद्येचे वर्ष आपल्या चर्चच्या दिनक्रमावरून व आपल्या ऋतूंवरून आखले होते. आपल्याकडे तीन टर्मांच्या दोन झाल्या: मृगापासून दिवाळीपर्यंत एक, आणि दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत दुसरी. ही वाटणी अगदीच अविचाराची होती असे म्हणवत नाही. दिवाळी हा आपल्या वर्षाचा स्वाभाविक सांधा आहे. ‘टर्म भरणे’ हा वाक्प्रचार आमच्या वडिलांच्या पिढीत इतका घरगुती होता की, त्याचा परकेपणा कोणाच्या ध्यानीही येत नसे.

या जुन्या व्यवस्थेचा एक गुण मात्र आज सर्वजण विसरले आहेत. तीत टर्मा दोन होत्या, पण विद्यापीठाची परीक्षा वर्षाअखेरीस एकच होती. टर्म ही काळाची वाटणी होती, ज्ञानाची नव्हे. श्रावणात जे पाठ बुडाले ते पौषात भरून काढता येत. कोकणातील कॉलेजचा शिक्षक जूनपासून सप्टेंबरपर्यंत हलके हलके चाले आणि नोव्हेंबरपासून वेग घेई. पावसाने घेतलेले कर्ज थंडीत फिटत असे.

सेमिस्टर पद्धतीने नेमका हाच मार्ग बंद केला. मुंबई विद्यापीठात श्रेयांक व श्रेणी यांवर आधारलेली सेमिस्टर पद्धत २०११-१२ पासून लागू झाली. सेमिस्टर या शब्दाचा लॅटिनमधील अर्थ ‘सहा महिन्यांचे’ असा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शनानुसार एक सेमिस्टर पंधरा ते अठरा आठवड्यांचे, म्हणजे अध्यापनाच्या ९० दिवसांचे असावे. सहा महिन्यांच्या नावाखाली तीन महिन्यांचा माल विकला जातो, याबद्दल आम्ही तक्रार करीत नाही, कारण सर्वच सत्रांत सण, परीक्षा आणि तपासणी ही वजा जायचीच. आमची तक्रार अशी की, महाडास ते तीन महिनेही मिळत नाहीत.

हिशोब ढोबळ आहे, पण कोणाही पालकास तो घरी बसून पडताळता येईल. जुलैच्या पहिल्या आठवड्यात वर्ग भरले आणि ऑक्टोबरच्या मध्यास परीक्षा आली, असे धरू. (पहिल्या वर्षाचे प्रवेश जुलैत लांबतात, ते सोडून देऊ.) हे झाले पंधरा आठवडे, आठवड्याचे सहा दिवस धरले तर बरोबर ९० दिवस भरतात. कागदावर सेमिस्टर पुरे झाले! आता यातून स्वातंत्र्यदिन, गोपाळकाला, गौरी-गणपतीचा आठवडा, गांधीजयंती, दसरा हे वजा करा. दहा-बारा दिवस गेले. अंतर्गत चाचणीचा आठवडा वजा करा. त्यानंतर ज्या दिवशी जिल्हाधिकाऱ्यांच्या आज्ञेने सर्व शाळा-कॉलेजे बंद राहतात, ते दिवस वजा करा. आणि ज्या दिवशी आज्ञा नसते पण सावित्रीचे पाणी रस्त्यावर असते, तेही वजा करा. साठ दिवस उरले तर शिक्षकाने देवाचे आभार मानावेत. या साठ दिवसांत नव्वद दिवसांचा अभ्यासक्रम बसवायचा, आणि परीक्षा झाली की तो विषय कायमचा मिटवून पुढच्या सत्रास लागायचे. जे बुडाले ते बुडाले. पौषात ते भरून निघत नाही, कारण पौषात दुसरेच विषय चालू असतात.

आता पावसाचे बोलू. येथील पावसाविषयी मुंबईकर वाचकांस कल्पना देणे कठीण आहे, कारण मुंबईस पाऊस आकाशातून पडतो. महाडास तो आकाशातून पडतो आणि डोंगरावरूनही येतो. सावित्री महाबळेश्वरी उगम पावते, तेथून खोल दरीत उतरून पोलादपुराजवळून वाहत महाडास येते, आणि महाडाजवळ तिला गांधारी मिळते. ज्या महाबळेश्वरावर वर्षाकाठी सुमारे साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्याच्या पश्चिमेकडच्या पाण्याची ही वाट आहे. २२ जुलै २०२१ रोजीच्या अतिवृष्टीत महाबळेश्वरी चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री महाडची बाजारपेठ माणसाच्या उंचीहून कितीतरी अधिक पाण्याखाली गेली. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्यू पावली, आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले.

हा एक अपवादात्मक दिवस होता, असे म्हणून वाचकांनी पुढे जाऊ नये. पुढील तारखा एकापुढे एक ठेवून पाहाव्यात. २५ जुलै २००५ रोजी महाड तालुक्यातील जुई, दासगाव, कोंडिवते व रोहन या गावांवर दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील इंग्रजी अमदानीतील पूल वाहून गेला, आणि त्याबरोबर दोन एस. टी. गाड्या उतारूंसह पुरात गेल्या. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूर तालुक्यातील आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून सुमारे तीस जण मृत्युमुखी पडले व एकच वाचला. त्या अपघाताचे कारण काहीही असो, तो याच दिवसांत झाला. २२ जुलै २०२१ वर सांगितलाच आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गाडली गेली. या पाच तारखांत अठरा वर्षांचे अंतर आहे. परंतु वर्षे बाजूस ठेवून केवळ महिना व दिवस पाहिले, तर त्या पाचही तारखा १९ जुलै ते २ ऑगस्ट या पंधरा दिवसांत येतात. पंधरवड्याचा असा नेम पितृपक्षासही नसेल! आणि याच पंधरवड्यात आमच्या शाळा, आमची कॉलेजे, त्यांची प्रवेशपत्रे आणि पहिल्या चाचणीची तयारी ही सर्व ऐन भरात असावीत, असे आमचे पंचांग सांगते. जोशीबुवांनी असा मुहूर्त काढला असता तर आपण त्यांस काय म्हटले असते?

कोणी म्हणेल की, अशा दिवशी सुट्टी जाहीर होतेच. होते, पण कशी होते ते पाहावे. हवामान खात्याचा लाल इशारा आला की रात्री उशिरा जिल्हाधिकाऱ्यांची आज्ञा निघते आणि मोबाइलवरून फिरू लागते. ज्या वाडीत मोबाइलला टॉवर सापडण्यासाठी टेकडीवर चढावे लागते, तेथे ती पोहोचण्यापूर्वी मुले इरली-छत्र्या घेऊन पऱ्याच्या साकवापर्यंत आलेली असतात. वस्तीची एस. टी. घाटात अडकलेली असते. शिक्षक महाडास राहतो. तो पोलादपूरच्या पुढे जाऊ शकत नाही. तात्पर्य, पावसाळी सुट्टी आजही आहेच. फक्त ती हक्काची नसून तुकड्यातुकड्यांनी, ऐन वेळी आणि भीक घातल्यासारखी मिळते. सुट्टीचे जे फायदे असतात, म्हणजे घरच्यांनी बेत आखावा, शिक्षकाने अभ्यास नेमून द्यावा, ते त्यात एकही नाहीत. आणि सुट्टीचा जो तोटा, म्हणजे शिकविणे बुडणे, तो मात्र पुरा आहे.

शिवाय हा तोटा सर्वांस सारखा होत नाही, आणि आमच्या मते या प्रकरणातील खरा अन्याय येथेच आहे. महाड शहरातील व्यापाऱ्याचा अथवा कारकुनाचा मुलगा पाऊस उघडला की दहा मिनिटांत वर्गात हजर होतो. कॉलेज उघडे आहे, व्याख्यान झाले, हजेरी लागली. पोलादपूरच्या वरच्या वाडीतील मुलगी त्या दिवशी येऊ शकत नाही. व्याख्यान झाले नसते तर दोघांचे सारखेच बुडाले असते. ते झाले, म्हणूनच ती मागे पडली. सत्राअखेरीस शेकडा ७५ हजेरीचा नियम तिच्यापुढे उभा राहतो, आणि रस्ता खचला होता या सबबीसाठी तिने कोणाचा दाखला आणावा हे कोणासच ठाऊक नसते. आमच्या अध्यापनाच्या काळात अशा मुली आम्ही पुष्कळ पाहिल्या. त्या नापास झाल्या म्हणून शिक्षण सोडीत नाहीत. दिवाळीनंतर त्या फक्त परत येत नाहीत. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे रेघ मारली जाते, आणि अहवालात ‘गळती’ असा शब्द येतो. गळती कशाने होते हे कौलारू घरात राहणाऱ्यास सांगावे लागत नाही: छपराला भोक असते म्हणून.

हे झाले पहिल्या सत्राचे. दुसऱ्या सत्राकडे वळावे, तर तेथे आणखी एक वर्ग बाहेर उभा आहे. दिवाळी आटोपली, भाताची कापणी-झोडणी झाली, की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर कामास निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुले बरोबर जातात. म्हणजे वर्षाचे जे सत्र हवामानाने उत्तम, ते या मुलांस मिळतच नाही. आणि जे मिळते, ते पावसात वाहून जाते. मुलांनी गावातच राहून शिकावे म्हणून सरकारने हंगामी वसतिगृहांची योजना काढली आहे, ती स्तुत्य आहे. पण त्या योजनेत जे तत्त्व मान्य झाले, म्हणजे शाळेचे वर्ष आणि कुटुंबाच्या पोटाचे वर्ष यांत विरोध आहे, ते तत्त्व पंचांग आखणाऱ्यांपर्यंत अद्याप पोहोचलेले दिसत नाही.

आमच्या पूर्वजांस हा विरोध कळत होता. मराठ्यांचे सैन्य पावसाळ्यात छावणीस राही आणि दसऱ्यास सीमोल्लंघन करी. ज्यांच्या शौर्याच्या कथा आपण मुलांस पढवितो, त्यांनीही सह्याद्रीशी आषाढात भांडण मांडले नाही. तान्हाजी मालुसऱ्यांचे उमरठ याच पोलादपूर तालुक्यात आहे, आणि रायगड महाड तालुक्यात. त्याहून मागे गेलो तर महाडानजीक गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. पावसाळ्यात भ्रमण थांबवून एके ठिकाणी वर्षावास करावा, हा भिक्षूंचा नियम. येथे एखादा चतुर वाचक आम्हांस अडवील आणि विचारील की, पावसाळा हाच तर अभ्यासाचा काळ ठरला, मग तुम्ही सुट्टी कशास मागता? त्यास उत्तर असे की, भिक्षू जेथे राहत तेथेच शिकत; त्यांस रोज सकाळी तीन पऱ्ये ओलांडून लेण्यात यावे लागत नसे. सरकारने पोलादपूरच्या प्रत्येक मुलास पावसाळ्यापुरते वसतिगृह द्यावे, आम्ही आमची मागणी आनंदाने मागे घेऊ. वसतिगृह द्या, नाहीतर सुट्टी द्या. दोन्ही न देता हजेरी मात्र मागावी, हे न्यायाचे नाही.

आता आक्षेपांचा विचार करू.

पहिला आक्षेप समानतेचा. एका राज्यात, एका विद्यापीठात, निरनिराळ्या जागी निरनिराळी पंचांगे झाली तर गोंधळ माजेल, असे म्हणतात. परंतु महाराष्ट्रातच विदर्भातील शाळा तेथील उन्हामुळे उर्वरित राज्याहून उशिरा उघडतात; २०२५ साली इतरत्र १६ जून आणि विदर्भात २३ जून हा दिवस ठरला होता. उन्हासाठी जे चालते ते पावसासाठी का चालू नये? हिमाचल प्रदेशात उन्हाळी सुट्टीच्या व हिवाळी सुट्टीच्या अशा दोन प्रकारच्या शाळा एकाच सरकारच्या छत्राखाली नांदतात; जम्मूचे व काश्मीर खोऱ्याचे वेळापत्रक वेगळे असते. स्कॉटलंडात ऑक्टोबरच्या सुट्टीला अद्यापि ‘बटाट्यांची सुट्टी’ म्हणतात, कारण बटाटे काढण्यासाठी मुले शेतावर जात. अमेरिकेतील खेड्यांच्या शाळा एकोणिसाव्या शतकात पेरणी व कापणी यांच्या काळात बंद राहत, आणि हिवाळा व उन्हाळा अशी त्यांची दोन सत्रे असत. केरळात तर २०२५ च्या जुलैअखेर खुद्द शिक्षणमंत्र्यांनी एप्रिल-मेची सुट्टी जून-जुलैत न्यावी काय, असा प्रश्न लोकांपुढे चर्चेस ठेवला. समानता म्हणजे सर्वांस एकच तारीख नव्हे. सर्वांस शिकण्याचे सारखे दिवस मिळणे, ही समानता. आज महाडास तारीख सारखी मिळते आणि दिवस कमी मिळतात.

उलट आमच्याकडे वारे दुसऱ्याच दिशेने वाहत आहे. २०२५ च्या मार्चमध्ये केंद्रीय मंडळाचा कित्ता गिरवून राज्यातील शाळांचे वर्ष १ एप्रिलपासून सुरू करावे, ही चर्चा जोरात होती. त्याच वर्षी अकरावीचा ऑनलाइन प्रवेशही, जो आधी मोठ्या शहरांपुरता होता, तो सबंध राज्यास लागू झाला, आणि ज्या गावी एका कॉलेजात चालत जाऊन नाव घालता येत होते, तेथील मुलेही मुंबई-पुण्याच्या फेऱ्या संपण्याची वाट पाहू लागली. दिल्लीचे मुंबईने घ्यावे, मुंबईचे पोलादपुराने. आणि पोलादपुराचे कोणी काहीच घेऊ नये, अशी ही उतरंड आहे.

दुसरा आक्षेप मे महिन्याचा. जुलैत सुट्टी दिली तर उन्हाळ्यातील दिवस कामास लावावे लागतील, आणि उन्हाळा असह्य आहे. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. पोलादपूरच्या वाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत पिण्याच्या पाण्याचे टँकर येतात, ही आमच्या भूमीची लज्जास्पद विसंगती आहे. म्हणूनच सबंध मे महिना शाळा भरवा असे आम्ही म्हणत नाही. १५ जुलै ते ५ ऑगस्ट अशी तीन आठवड्यांची पावसाळी सुट्टी द्यावी. तिचे कामाचे दिवस सुमारे एकोणीस होतात. शाळा १६ जूनऐवजी १ जूनला उघडली तर तेरा दिवस परत मिळतात. उरलेले पाच-सहा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात सकाळची शाळा भरवून भरून निघतात. सकाळची शाळा आपल्यास नवी नाही. टँकर वाडीत येतोच, तो शाळेच्या टाकीपर्यंतही यावा. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने पहिली ते पाचवीस २०० व सहावी ते आठवीस २२० कामाचे दिवस नेमले आहेत. त्यांतील एकही दिवस आमच्या योजनेने कमी होत नाही. आम्ही सुट्टी वाढवा असे म्हणत नसून ती योग्य जागी ठेवा, असे म्हणत आहो.

तिसरा आक्षेप शहरातील सुधारक मंडळींचा. जुलै हा आवणीचा महिना. सुट्टी दिली तर मुले चिखलात राबविली जातील, असे ते म्हणतात. त्यांच्या हेतूविषयी आम्हांस आदर आहे. परंतु आवणीच्या दिवसांत घरातील सर्व मोठी माणसे खाचरात असतात, आणि तान्ह्या भावाला सांभाळण्यास थोरली बहीण घरी राहते, हे आजही चालू आहे. शाळा उघडी असल्याने ते थांबलेले नाही. केवळ तिची गैरहजेरी लागते. सुट्टीने तिचे काम वाढणार नाही, तिचे पाठ मात्र वाचतील.

चौथा आक्षेप आमच्याच व्यवसायबंधूंचा. सेमिस्टरमुळे ओझे हलके होते, सतत अभ्यास होतो, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार श्रेयांक एका संस्थेतून दुसरीकडे नेता येतात, असे ते सांगतात. परीक्षा दोन झाल्या म्हणजे अभ्यास सतत होतो, हे आम्हांस तितकेसे पटलेले नाही. परंतु तो वाद येथे नको. श्रेयांक हे अध्यापनाच्या तासांवर मोजतात, महिन्यांच्या नावांवर नव्हे. तेच तास ऑगस्ट ते डिसेंबर यांत शिकविले तर श्रेयांकास बाध कोठून येतो? किंबहुना आयोगाच्या मार्गदर्शनातच पहिले सत्र जुलै ते डिसेंबर व दुसरे जानेवारी ते जून असे ठेवता येईल, असे सांगितले आहे. परीक्षा दिवाळीपूर्वी उरकण्याची घाई आमची आहे, आयोगाची नाही. कोकणातील कॉलेजांचे अध्यापन ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून जोमाने सुरू करावे, पहिल्या सत्राची परीक्षा डिसेंबरात घ्यावी, आणि मधली दिवाळीची सुट्टी वाचनास व कापणीस मोकळी ठेवावी. एवढ्याने साठाचे नव्वद होतील.

शेवटचा प्रश्न अधिकाराचा, आणि त्याचे उत्तर वाचून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. शिक्षणहक्काच्या ज्या कायद्याचा वर उल्लेख केला, त्याच्या नवव्या कलमात स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये सांगितली आहेत, आणि शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक ठरविणे हे त्यांपैकी एक आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही हे वेळापत्रक स्थानिक हवामान व जीवनक्रम यांस धरून जिल्हा पंचायतीच्या विचाराने व्हावे, अशी सूचना नमूद आहे. म्हणजे जे आम्ही मागतो ते कायद्यात आधीच लिहिलेले आहे! निदान आठवीपर्यंतच्या शाळांपुरता तरी प्रश्न कायदा बदलण्याचा नसून कायदा वाचण्याचा आहे. कॉलेजांची गोष्ट विद्यापीठाच्या हाती आहे. मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत ज्याचा विस्तार, त्याने आपल्या भूगोलाच्या अभ्यासक्रमात पर्जन्याचा जो नकाशा मुलांपुढे ठेवला आहे, तो एकदा आपल्याच वेळापत्रकाशेजारी लावून पाहावा.

महाड हे हक्क मागण्याचे गाव आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे चवदार तळ्याचे पाणी प्याले, ते त्या पाण्यावर सर्वांचा हक्क कायद्याने आधीच मान्य झालेला असताना. मान्य झालेला हक्क आणि हाती आलेला हक्क यांत किती अंतर असते, हे त्या दिवसाने साऱ्या देशास शिकविले. त्या महान लढ्याशी आमच्या या लहानशा मागणीची तुलना करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण धडा तोच आहे: कलम छापले गेले म्हणजे काम झाले असे नव्हे, कोणीतरी उठून तळ्यापर्यंत गेले पाहिजे.

सावित्रीवरचा पूल वाहून गेला, तेव्हा नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला. सरकारच्या मनात आले तर काय होऊ शकते याचा तो पुरावा आहे. पंचांगातील एक रेघ तीन आठवडे सरकविण्यास सिमेंटही लागत नाही. तेव्हा आमची एकच विनंती. पुढील वर्षाचे वेळापत्रक मंजूर करण्यापूर्वी जिल्हा परिषदेच्या व विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी त्याची एक बैठक पोलादपुरास घ्यावी. ती हवापालटाच्या दिवसांत, मे महिन्यात घेऊ नये. २२ जुलैस सकाळी अकरा वाजता घ्यावी, आणि प्रत्येकाने एस. टी.ने यावे. सर्व सभासद वेळेवर हजर झाले, तर आम्ही हा लेख लिहिलाच नाही असे समजावे.